कॉम्प्युटरला आधी नाव ठेवा, मग नावं ठेवा

राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्या वायफायला कोण कोण जोडलंय ते कधी बघितलंय का? बघा एकदा. तीन ओळींत डेस्कटॉप-अमुकतमुक, दोन ओळींत लॅपटॉप-अमुकतमुक, एक नुसताच अँड्रॉइड, दोन आयफोन, आणि एक असा की तो आपल्या घरातला आहे का शेजारच्यांच्या पोराने पासवर्ड मिळवलाय हे कळायला काही मार्गच नाही. घरी ठीक आहे, पण हेच आठ-दहा मशिन असलेल्या ऑफिसात असलं की फोनवर मदत करणाऱ्याचे हाल होतात. "दादा, प्रिंटर चालत नाहीये." कुठल्या कॉम्प्युटरवरून? "तो खिडकीजवळचा, पूर्वी मॅडम बसायच्या ना, तो."

मी अशी छोटी ऑफिसं बघतो, सीएंची, वकिलांची, दवाखाने, एखादा क्लास. नाव ठेवणं हे काम पाच मिनिटांचं आहे म्हणून कुणी मनावर घेत नाही, आणि बदलणं हे पण पाच मिनिटांचं वाटतं पण ते नाहीये, तिथेच सगळे फसतात. म्हणून इथे ठेवण्याबद्दल पण लिहितोय आणि बदलण्याबद्दल जरा जास्तच. एक सूचना आधीच: कमांड आणि मेन्यूची नावं मी मराठीत लिहिलीत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

१५ अक्षरांची भानगड

विंडोजने स्वतःहून दिलेलं नाव नीट मोजा. डेस्कटॉपची इंग्रजी अक्षरं ७, एक आडवी रेघ, पुढे ७ अगम्य अक्षरं, एकूण १५. लॅपटॉपची ६, रेघ, पुढे ८, परत १५. हा योगायोग नाहीये. नेटबायोस नावाची जुनी पद्धत आहे, तिच्यात नावाला १६ घरं असतात आणि शेवटचं घर हे मशिन कुठली सेवा देतंय ते सांगायला राखीव असतं, म्हणजे आपल्या हातात उरली १५. आज विंडोज नाव शोधायला इतर पद्धती पण वापरतं, पण ही मर्यादा अजून आहे.

लांब नाव दिलं तर काही ठिकाणी विंडोज ते घेतं पण नेटबायोससाठी शेपूट छाटतं, आणि खरी गंमत पुढे आहे. समजा तुम्ही दोन मशिनना अकाउंट्स-डिपार्टमेंट-१ आणि अकाउंट्स-डिपार्टमेंट-२ अशी छान इंग्रजी नावं दिलीत, तर पंधराव्या अक्षराला दोन्ही अकाउंट्स-डिपार्ट एवढीच उरतात. म्हणजे दोन्ही एकच! मग नेटवर्कवर डुप्लिकेट नाव आहे असा मेसेज येतो आणि आपण डोकं खाजवत बसतो की मी तर वेगळी नावं दिली होती. किल्ल्यांची नावं द्यायची हौस असेल तर हरिश्चंद्रगड रोमनमध्ये लिहून मोजा, १६ भरतात. एका अक्षराने हुकला.

बाकीचे नियम थोडक्यात. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच वापरायचं. स्पेस नको, टिंब नको, अंडरस्कोर तर अजिबात नको (लोकांना तो फार आवडतो, पण होस्टनेमच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या मशिनच्या नावाच्या, नियमात तो बसत नाही आणि मग एखादं सॉफ्टवेअर नेमकं तिथेच अडतं). रेघ सुरुवातीला किंवा शेवटी नको. नुसते आकडे नकोत. लहान लिपी-मोठी लिपी असा फरक नेटवर्क करत नाही, त्यामुळे एक मशिन कॅपिटलमध्ये आणि दुसरं स्मॉलमध्ये ठेवून ती वेगळी होणार नाहीत. वर्कग्रुपचं (नेटवर्कवरच्या मशिनच्या गटाचं) जे नाव आहे तेच कॉम्प्युटरला देऊ नका, आणि लॉगिनचं युजरनेम पण तेच ठेवू नका.

काय ठेवू नये

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे माणसाचं नाव. सुनीता-पीसी. सुनीता मॅडम नोकरी सोडून गेल्या, त्यांच्या जागी नवीन मुलगा आला, तो चार वर्षं सुनीता-पीसीवर काम करतोय आणि प्रत्येक नवीन माणसाला सुनीता कोण हे सांगावं लागतंय. त्यातून जर त्याच ऑफिसात दुसऱ्या सुनीता आल्या आणि त्या वेगळ्याच मशिनवर बसल्या तर मग विचारूच नका.

दुसरी चूक कामाचं नाव. एका ऑफिसात टॅली-सर्व्हर नावाचं मशिन होतं. टॅलीचा डेटा पुढे नवीन मशिनवर हलवला, पण जुन्याचं नाव बदलायला कुणाला वेळ झाला नाही, आणि नवीन मशिनला ते नाव देता येईना कारण ते आधीच वापरात. मग नवीन झालं टॅली-न्यू. जुन्यावर आता फक्त एक प्रिंटर जोडलेला आहे. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. मी तिथे गेल्यावर पहिल्या दिवशी अर्धा तास टॅली-सर्व्हरवर टॅलीचा डेटा शोधत होतो. न्यू हा शब्द तर कुठल्याच नावात नको, दोन वर्षांनी तेच मशिन सगळ्यात जुनं असतं. तसंच विन७, आय५, कंपनीचं मॉडेल, हे पण नको. रॅम बदलते, विंडोज बदलतं, नाव तिथेच राहतं.

आणि एक मुद्दा लॅपटॉप-मोबाइलवाल्यांसाठी. हे नाव बाहेरच्या वायफायवर पण दिसतं, ब्लूटूथच्या यादीत दिसतं, हॉटस्पॉट चालू केला की बऱ्याचदा तेच नाव आजूबाजूच्या सगळ्यांना दिसतं. पूर्ण नाव-आडनाव किंवा फर्मचं नाव टाकलेला लॅपटॉप घेऊन तुम्ही कॅफेत बसलात तर शेजारच्या टेबलाला फुकट माहिती मिळते. मॅकबुक आणि आयफोन तर सेटअपच्या वेळी मालकाचं पहिलं नाव स्वतःहून लावून टाकतात, ते मुद्दाम बदलावं लागतं.

हा विषय फार जुना आहे बरं का. इंटरनेटच्या आरएफसी नावाच्या दस्तऐवजांत ११७८ नंबरचा एक आहे, डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये लिहिलेला, तो अख्खा कॉम्प्युटरला नाव कसं निवडावं यावरच आहे. स्वतःचं नाव देऊ नका, एकाच प्रोजेक्टचं नाव देऊ नका, हे त्यात तेव्हाच सांगितलंय. म्हणजे इतकी वर्षं झाली तरी लोक त्याच चुका करतायत.

मग काय ठेवायचं

घरात चार-पाच डिव्हाइस असतील तर एक विषय धरा आणि त्यातली नावं द्या. नद्या, किल्ले, फळं, खाण्याचे पदार्थ, काही पण. फक्त मराठी नावं रोमनमध्ये लिहिताना एक मोठी अडचण येते, इंग्रजीत लिहिलेल्या सल्ल्यांमध्ये ती सापडत नाही, ती म्हणजे स्पेलिंग. सिंहगड घ्या. एचनंतर ए आहे की नाही? दोन्ही प्रकारे लिहिणारे लोक आहेत. राजगड डीने संपतो की आरएचने? भीमा एका आयने की डबल ईने, नीरा कशी, फणसाला एफ की पीएच? नाव बरोबर वाटतं, टाइप केलं की कॉम्प्युटर म्हणतो असं कुणी नाहीये इथे. म्हणून असं नाव शोधा की जे चार जणांना लिहायला सांगितलं तर चौघंही एकच स्पेलिंग लिहितील. तिकोना, तापी, पेरू, मिसल, डोसा. ही चालतात. ष, ळ, ज्ञ किंवा मधे दीर्घ ई-ऊ असलेली नावं शक्यतो टाळा. विशाळगड कितीही आवडता असला तरी.

दुसरी परीक्षा फोनवरची. कुणालातरी फोन करून नाव एकदाच सांगा आणि लिहून घ्यायला सांगा. "नाही नाही, बी नाही, डी, डी फॉर दिल्ली" असं म्हणायची वेळ आली तर नाव बाद.

ऑफिसात दहाच्या वर मशिन असली की मात्र विषय-बिषय सोडा, तिथे मला नंबरच बरा वाटतो. क्लासच्या लॅबमध्ये पंचवीस मशिनना पंचवीस नद्या कुठून आणणार आणि कुठली नदी कुठल्या रांगेत ते कोण लक्षात ठेवणार. गाडीच्या नंबर प्लेटसारखं करायचं. गाडी विकली, मालक बदलला, रंग बदलला, नंबर तोच. ऑफिसच्या नावाची दोन-तीन अक्षरं, रेघ, आणि नंबर. नंबर ०१, ०२ असा शून्य लावूनच, नाहीतर यादीत १ च्या खाली १०, ११ येतात आणि २ कुठेतरी तळाला जातो. शंभरच्या वर जायची शक्यता असेल तर ००१. मशिन भंगारात गेलं तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देऊ नका, पुढचा नंबर चालू करा. जागेचं नाव (केबिन, रिसेप्शन) लोक देतात, ते माणसाच्या नावापेक्षा बरं, पण टेबलं हलतातच. हलणारच नाही अशा वस्तूला, म्हणजे भिंतीवरच्या टीव्हीला, मोठ्या प्रिंटरला, जागेचं नाव खुशाल द्या.

बदलायच्या आधी हे करा

नाव बदललं की त्या नावाने हाक मारणारे सगळे उघड्यावर पडतात. त्यामुळे आधी यादी करायची की या मशिनला नावाने हाक कोण कोण मारतं. मी कसं करतो ते सांगतो.

ज्याचं नाव बदलायचंय त्या मशिनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून नेट शेअर ही कमांड मारायची. कुठले फोल्डर आणि प्रिंटर शेअर केलेत ते दिसतं. डॉलरचं चिन्ह असलेले बहुतेक विंडोजचे स्वतःचे, त्यांच्याकडे दुर्लक्ष. मग कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, त्यात सेशन्स. आत्ता या क्षणी कोण जोडलंय ते तिथे दिसतं. हे भर कामाच्या वेळी बघा, सकाळी साडेअकरा-बाराला, रात्री बघून उपयोग नाही. नंतर बाकीच्या प्रत्येक मशिनवर नेट यूज ही कमांड, म्हणजे कुठला ड्राइव्ह कुठल्या नावावरून जोडलाय ते कळतं.

हे झालं कॉम्प्युटर सांगतो ते. न सांगणारे वेगळेच. झेरॉक्सचं मोठं मशिन असतं ना, स्कॅन केलं की थेट फोल्डरमध्ये टाकणारं, त्याच्या आत कॉम्प्युटरचं नाव कुणीतरी कधीतरी टाइप करून ठेवलेलं असतं आणि ते कुणाच्याच लक्षात नसतं. माझ्याकडून एकदा हेच राहिलं होतं, नाव बदललं, सगळं तपासलं, खूश होऊन घरी आलो, सोमवारी सकाळी फोन, स्कॅन कुठे जातंय कळत नाहीये. स्कॅन कुठेच जात नव्हतं. मग डेस्कटॉपवरचे शॉर्टकट, दुसऱ्या मशिनवरच्या फाइलला लिंक केलेल्या एक्सेल शीट, बॅकअपचं सॉफ्टवेअर, रिमोट डेस्कटॉपच्या सेव्ह केलेल्या फाइल. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये पासवर्ड सुद्धा नावाखालीच सेव्ह होतात, म्हणजे नवीन नावाने परत पासवर्ड मागणार.

टॅली असेल तर बाकीच्या मशिनवर डेटाचा पाथ बहुतेक त्याच नावाने दिलेला असतो, आणि लायसन्स सर्व्हरच्या जागी पण नाव टाकलेलं असू शकतं. दोन्ही लिहून घ्या. दवाखान्याचं किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर नावाच्या डेटाबेसवर चालत असेल तर तिथे जास्त जपून. प्रत्येक क्लायंटमध्ये (म्हणजे ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बाकीच्या मशिनमध्ये) कॉम्प्युटरचं नाव, उलटी तिरकी रेघ, आणि एसक्यूएलएक्सप्रेस असा पत्ता असतो, तो सगळीकडे बदलावा लागतो, वर एसक्यूएल सर्व्हरच्या आत पण जुनं नाव नोंदलेलं राहतं, ते एसपी-ड्रॉपसर्व्हर आणि एसपी-अॅडसर्व्हर या दोन प्रोसिजरने बदलतात (खऱ्या नावात एसपीनंतर अंडरस्कोर आहे). हे येत नसेल तर सॉफ्टवेअरवाल्याला आधी फोन करा, नंतर नाही. डोमेन कंट्रोलर (ऑफिसातली सगळी लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) असेल तर हा लेख वाचून हात लावूच नका. आणि सर्टिफिकेट ऑथॉरिटी (डिजिटल सर्टिफिकेट देणारी सेवा) बसवलेल्या सर्व्हरचं नाव बदलताच येत नाही.

ज्यांना काही होत नाही ते पण सांगतो, लोक उगाच घाबरतात. विंडोजचं अॅक्टिव्हेशन जात नाही. एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) आपल्या नंबरवर चालतं, त्याला फरक पडत नाही. राउटरमध्ये मॅक अॅड्रेसवर (नेटवर्क कार्डचा नंबर, अॅपलच्या मॅकशी संबंध नाही) आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता, फिक्स केला असेल तर तो तसाच राहतो. फाइली तर कुठेच जात नाहीत. सी ड्राइव्हमधल्या युजर्स फोल्डरचं नाव पण बदलत नाही, ते वेगळं प्रकरण आहे आणि ते बदलायच्या नादाला लागू नका.

वेळ शनिवार संध्याकाळची धरा. जीएसटी रिटर्नच्या २० तारखेच्या आसपास सीएंच्या ऑफिसात नाव बदलायला जाणाऱ्याला कुणी चहा पण विचारत नाही.

प्रत्यक्ष बदलताना

विंडोज १० आणि ११. स्टार्टवर राइट क्लिक, सिस्टिम, तिथे रिनेम धिस पीसी. नवीन नाव, नेक्स्ट, रीस्टार्ट नाऊ. अॅडमिन अकाउंट लागतं. रीस्टार्ट करेपर्यंत जुनंच नाव चालू असतं, त्यामुळे "नंतर करतो" म्हणून पुढचं टेस्टिंग सुरू करू नका, वेळ वाया. जुनी खिडकी आवडत असेल तर रनमध्ये एसवायएसडीएम डॉट सीपीएल, त्यात चेंज बटण, वर्कग्रुप पण तिथेच बदलतो. कमांडवाल्यांसाठी पॉवरशेल अॅडमिन म्हणून उघडून रिनेम-कॉम्प्युटर, स्पेस, डॅश न्यूनेम, नाव, आणि शेवटी डॅश रीस्टार्ट. डोमेनमध्ये जोडलेलं मशिन असेल तर डोमेनवर अधिकार असलेलं लॉगिन मागतं.

मॅकमध्ये जरा मजा आहे, एकाच मशिनला तीन नावं असतात. एक दाखवायचं, सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथलं, त्यात स्पेस, इमोजी काही पण चालतं. दुसरं लोकल होस्टनेम, ते जनरलमधल्या शेअरिंगच्या पानावर खाली असतं, त्याच्या शेवटी डॉट लोकल लागतं, नेटवर्कवर हाक मारायला हे. तिसरं होस्टनेम, ते टर्मिनलमधूनच, एससीयूटिल या कमांडने. घरी पहिली दोन बदलली तरी पुरे. रीस्टार्ट लागत नाही. तेच लोकल नाव नेटवर्कवर आधीच असेल तर मॅक न भांडता आपल्या नावापुढे -२ लावून घेतो, तसं दिसलं तर घाबरू नका, दुसरा कोण आहे ते शोधा.

लिनक्सवर सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम आणि नाव. पण उबुंटू किंवा डेबियन असेल तर ईटीसी फोल्डरमधल्या होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.१.१ च्या ओळीत जुनं नाव राहतं, ते हाताने बदला, नाहीतर प्रत्येक सुडोला "होस्ट सापडत नाही" अशी कुरकुर ऐकावी लागते. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) घेतला असेल आणि नाव बदलायचं राहून गेलं असेल तर दुसरा पाय आणल्यावर दोघंही रास्पबेरीपाय. हे पहिल्याच दिवशी रास्पी-कॉन्फिगमधून करून टाका.

मोबाइल: आयफोनला सेटिंग्ज, जनरल, अबाउट, नेम. अँड्रॉइडला बहुतेक फोनमध्ये अबाउट फोनमध्ये डिव्हाइस नेम.

राउटरच्या अॅपमध्ये डिव्हाइसला टोपणनाव देता येतं, ते फक्त राउटरपुरतं असतं, खरं नाव त्याने बदलत नाही. घरी नुसतं ओळखायचंच असेल तर तेवढ्यावर भागतं.

झाल्यावर, आणि चाललं नाही तर

आधी त्याच मशिनवर होस्टनेम कमांड मारून नवीन नाव लागलंय ना बघा. मग दुसऱ्या मशिनवरून पिंग -४ आणि नवीन नाव. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पहिल्या ओळीत नावापुढे चौकोनी कंसात आयपी आला की नाव सापडलं, खाली रिक्वेस्ट टाइम्ड आउट आलं तरी. ते फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही म्हणून असतं, नावाचा दोष नाही. आयपी आलाच नाही, होस्ट सापडला नाही म्हणाला, तर नावाची अडचण. आणि आयपी येतो पण फोल्डर उघडत नाही, तर ती परवानगीची किंवा पासवर्डची अडचण, तिथे परत नाव बदलत बसू नका.

नाव सापडत नसेल तर दोन्ही मशिनवर नेटवर्क प्रोफाइल प्रायव्हेट आहे का बघा, पब्लिक असेल तर मशिन लपून बसतं. मग आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस, आणि एनबीटीस्टॅट डॅश आर (हा आर कॅपिटलच, स्मॉल आर वेगळं काम करतो). तरी नाही तर राउटर एकदा बंद-चालू, काही राउटर जुनं नाव धरून बसतात. डुप्लिकेट नावाचा मेसेज आला आणि दुसरा कोण ते कळेना, तर संशयास्पद आयपीला पिंग -ए करून बघा, नाव सांगतो बहुतेक वेळा. लॅबमध्ये एका हार्ड डिस्कवरून बाकीच्या क्लोन केल्या असतील तर हे हमखास होतं, तिथे क्रम असा ठेवायचा की क्लोन झाल्यावर नेटवर्कची केबल काढलेलीच ठेवायची, नाव बदलायचं, रीस्टार्ट, मगच केबल.

सगळं चाललं की आधी केलेली यादी हातात घ्या आणि एकेक ड्राइव्ह, एकेक प्रिंटर नवीन नावाने जोडा, झालं की टिक. झेरॉक्सचं मशिन विसरू नका.

शेवटी एक वही किंवा शीट. नवीन नाव, जुनं नाव, तारीख, सिरियल नंबर, मॅक अॅड्रेस, सध्या कुठे ठेवलंय. जुन्या नावाचा रकाना लोक गाळतात, पण दोन वर्षांनी एखाद्या शॉर्टकटमध्ये सुनीता-पीसी दिसलं की तोच कामाला येतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये बिटलॉकरच्या (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीच्या) रिकव्हरी की डिव्हाइसच्या नावासकट दिसतात, म्हणून ती यादी पण एकदा उघडून बघा, सगळीकडे डेस्कटॉप-अमुकतमुक असेल तर कुठली की कुठल्या मशिनची ते आयडी जुळवून आत्ताच वहीत लिहून ठेवा. आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला पुढच्या बाजूला स्टिकर लावा, वर नको, वर फाइली ठेवतात, आणि मागे तर नकोच.